खालच्या काठावरचा फोन

गिऱ्हाईक मोबाईलवरून कळवतं, "फोन बंद पडलाय, लवकर या." कुठला फोन असं विचारलं की म्हणतं, "टेबलावरचा." नेमकं काय होतंय असं विचारलं की म्हणतं, "ते आम्हाला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" असं बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं म्हणून जरा जास्तच येतो.

मी सुनंदा, रामनगरची, माहेर खानापूरकडचं. बेळगावात कोर्स केला, एका कंत्राटदाराच्या हाताखाली ऑफिसाऑफिसांतून वायरी ओढल्या आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. जोयडा तालुक्यातली ऑफिसं, पतसंस्था, शाळा आणि काळी नदीकाठचे लॉज ही माझी गिऱ्हाइकं. स्कूटरच्या डिकीत पक्कड, टेस्टर, वायरीचं भेंडोळं आणि रेनकोट बारमाही असतात. दारात उभी राहिले की आतला माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "मेकॅनिक मागनं येतोय काय?" मी म्हणते, "मेकॅनिक पुढनंच आलाय, वाट द्या." इतक्या वर्षांत हा प्रश्न काही बंद झालेला नाही आणि माझं उत्तरही मी बदललेलं नाही.

आता या फोनांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ऑफिसातला टेबलावरचा फोन दिसायला जुन्यासारखाच असतो, पण आतून तो कॉम्प्युटरचा भाऊबंद आहे. चालू झाला की तो सगळ्यात आधी एक पत्ता मागतो. पत्ता म्हणजे आकड्यांची ओळ. ऑफिसच्या कपाटात एक मोठा डबा असतो, त्याचं कामच ते, आलेल्या प्रत्येकाला पत्ता वाटायचं. पत्ता मिळाला की फोनची नोंद होते आणि तो वाजायला लागतो. पत्ता गेला की फोन नुसता शोभेचा.

उळवीच्या यात्रेला बैलगाड्या येतात तेव्हा कुणी कुठं सोडायची हे सांगणारा एक माणूस उभा असतो. तो सांगतो, "तुमी त्या आंब्याखाली, तुमी तळ्याच्या अंगाला." तो एकटा आहे तोवर सगळं सुरळीत चालतं. त्याच्या शेजारी दुसरा कुणी हौशी उभा राहिला आणि त्यानेही जागा वाटायला सुरुवात केली, तर निम्म्या गाड्या भलत्याच रानात जाऊन बसतील आणि त्यांचे सोबती त्यांना शोधत फिरतील. फोनांचंही तसंच आहे. पत्ते वाटणारा एकच पाहिजे.

पत्ते हरवण्याची कारणं मी नाना प्रकारची बघितली आहेत. जोयड्यातल्या एका पतसंस्थेचे सेक्रेटरी रोज घरी जाताना मेन स्विच बंद करून जायचे. दुकान बंद म्हणजे करंट बंद, असा त्यांचा खाक्या. सकाळी सगळे फोन एकदम जागे व्हायचे, पत्ता मागायचे, आणि मोठा डबा अजून डोळे चोळत असायचा. ते म्हणायचे, "बाई, फोनला सकाळी लवकर उठायची सवय न्हाई." एका लॉजमध्ये भिंतीतल्या खोक्यात लाल मुंग्यांनी घर केलं होतं. या मुंग्यांची आमच्याकडे चटणी करतात. मी फवारा काढला तर तिथला स्वयंपाकी आडवाच आला. "मारू नका, मी काढून घेतो," म्हणाला, आणि खरंच घेतल्या. मला थोडी चटणीही बांधून दिली. फोन बरा झाला आणि चटणीही झकास होती.

असल्या गोष्टी सांगताना मजा वाटते. पण एका फोनाची गोष्ट मला अजून अशी हसत सांगता येत नाही.

गणेशगुडीच्या पुढे, नदीच्या एका वळणावर एक लॉज आहे. नाव सांगत नाही. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ऑफिस आणि खोल्या वर टेकडीवर, आणि खाली उतरून गेलं की पाण्यात खेळायची जागा. टायरच्या ट्यूबा, बांबूचा धक्का, मधे मोठमोठे खडक. पाहुणे सकाळी तिथं डुंबतात. नदी दिसायला शांत, पण वर धरण आहे. वीज करायला पाणी सोडतात, आणि सोडलं की थोड्याच वेळात खालचे खडक बघता बघता पाण्याखाली जातात.

पाणी सोडणार असल्याचा निरोप लॉजच्या ऑफिसात येतो. तो कधीही चुकला नाही, हे मी मुद्दाम सांगते. ऑफिसातून खालच्या काठावर फोन करायचा, खालच्या माणसाने शिट्टी घालायची आणि सगळ्यांना बाहेर काढायचं, अशी रीत. खाली मोबाईलला रेंज नाही. वॉकीटॉकीचा आवाज वळणामागे पोचत नाही. माणूस पळत पाठवला तर त्याच्याआधी पाणी पोचतं. म्हणून काठावरच्या पत्र्याच्या खोपटात मी एक फोन बसवून दिला होता. त्या फोनाचं काम तेवढंच, पाणी यायच्या आधी वाजणं.

तो फोन उचलायला भिवामामा असायचे. भिवा वेळीप. वरच्या वाडीतले, वयाने माझ्या वडिलांएवढे. भाताची शेती सांभाळून लॉजवर यायचे. बोलणं कमी. गळ्यात शिट्टी आणि डोक्याला टॉवेल. मला ते "बाय" म्हणायचे आणि मी गेले की न मागता कोकमाचं पाणी पुढे करायचे.

दसरा होऊन गेल्यावर तो फोन हरवायला लागला. म्हणजे फोन जाग्यावरच, पत्ता गायब. वरून शांताक्का फोन लावायच्या आणि खाली काहीच वाजायचं नाही. शांताक्का म्हणजे लॉजच्या काउंटरवरच्या बाई. बुकिंग, किल्ल्या, जेवणाची वर्दी आणि ऑफिसातल्या देवाची पूजा, सगळं त्याच बघायच्या. लॉज सुरू झालं त्या दिवसापासून होत्या.

अण्णांनी मला बोलावलं. सकाळी जोयड्यातली कामं उरकून मी दुपारी जेवणं झाल्यावर पोचले. खाली गेले, फोन बंद करून चालू केला. आमच्या धंद्यातलं हे पहिलं औषध, ताप आला की गोळी देतात तसं. फोन लगेच बरा झाला. वर येऊन सांगितलं, चालू आहे. चार दिवसांनी परत तेच. परत मी दुपारी गेले, बंद-चालू केला, परत बरा. एका ठिकाणी साळिंदराने वायरीचं वेष्टण कुरतडलं होतं, मला वाटलं सापडलं. अख्खी वायर बदलली. तरी तेच. फोन बदलला. नव्या कोऱ्या फोनाचाही पत्ता जायला लागला. मला रात्री जेवण गोड लागेना. नवरा म्हणाला, "एवढ्याशा फोनाचं काय घेऊन बसलीस?" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं छापण्यासारखं नाही.

वरच्या काउंटरवरचा, स्वयंपाकघरातला आणि अण्णांच्या टेबलावरचा, हे तिन्ही फोन मात्र जवळजवळ कधीच बंद पडायचे नाहीत. त्यामुळे अण्णांनी त्यांचा हिशोब केला. वायर नवी, फोन नवा, वरचे सगळे चालू, मग खालचाच कसा जातो? खाली भिवा असतो म्हणून जातो. दुपारी सुनंदाताई आल्या की बरा होतो, म्हणजे सकाळी भिवा त्याची वायर काढून ठेवतो आणि निवांत पडतो.

आणि मग ते झालं. एका सकाळी पाणी सोडल्याचा निरोप आला, शांताक्कांनी फोन लावला, खाली शुकशुकाट. धारवाडहून आलेल्या एका कुटुंबातली कॉलेजातली मुलगी ट्यूबमध्ये बसून मधल्या खडकांत होती. पाणी चढलं, ट्यूब उलटली आणि ती वाहत खाली गेली. पुढच्या वळणावर काठावरचं झाड वाकलेलं आहे, त्याच्या फांदीला तिचा हात लागला. भिवामामांनी उडी टाकून तिला आणलं. तिच्या हाताची सालटं निघाली होती. तिच्या वडिलांनी ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटला. तुमचा माणूस झोपला होता, म्हणाले.

भिवामामांनी मग स्वतःच्या मनाने एकदा शिट्टी घातली. पाण्याचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून. पाणी काही आलं नाही. पाहुणे भांडले, पैसे परत मागितले. अण्णा खाली जाऊन सगळ्यांसमोर ओरडले, "फोन वाजल्याशिवाय शिट्टी घालायची नाही. आणि फोन काढून ठेवायचा नाही. दोन्ही समजलं काय?"

मी गेले तेव्हा अण्णा वऱ्हांड्यात बसले होते. म्हणाले, "सुनंदाताई, आता तुम्ही परत परत यायची तसदी घेऊ नका. रोग कळलाय मला. पुढच्या आठवड्यापासून भिवाला घरी बसवतोय."

"अण्णा, फोन काढून ठेवला की नुसता बंद होतो. पत्ता हरवत नाही. हे वेगळं आहे."

"मला ते पत्त्याचं सांगू नका. पोरीचा जीव गेला असता."

"म्हणूनच सांगतेय. भिवामामांना काढलंत आणि नवा माणूस ठेवलात, तरी फोन वाजणार नाही. तेव्हा कुणाला काढणार?"

माझा आवाज चढला होता. काउंटरवरून शांताक्का बघत होत्या. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी मी म्हटलं, मला एक सकाळ द्या. उजाडल्यापासून मी स्वतः खाली फोनाशेजारी बसते. पण त्या सकाळी कुणालाही पाण्यात सोडू नका. अण्णा हो म्हणाले.

आणि ठरलेल्या सकाळी मी खाली उतरून बघते तर हुबळीच्या शिक्षिकांचा एक मोठा घोळका ट्यूबा घेऊन पाण्यात. मी वर फोन केला. तेव्हा चालू होता तो. अण्णा म्हणाले, "आधीचं बुकिंग आहे. आणि तुम्ही बसणार आहात ना तिथं? मग भीती कसली?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण वर जाऊन भांडायचं तर फोन सोडावा लागणार होता. मी बसून राहिले.

भिवामामा गुडघाभर पाण्यात उभे होते, बायका आणि खोल पाणी यांच्या मधे. मधूनच मागे वळून खोपटाकडे बघायचे. मी मान हलवायची, चालू आहे. स्क्रीनवर नाव होतं, पत्ता बरोबर होता. वारा सुटला होता. खाली वीज येते ती तारेवरून रानातून, आणि वाऱ्याने फांदी घासली की ती क्षणभर जाते. वर ऑफिसात बॅटरी आहे, त्यामुळे तिथल्या फोनांना त्याचा पत्ताही लागत नाही. खालच्याला लागतो.

थोड्या वेळाने तसंच झालं. खोपटातला दिवा विझला आणि लागला. फोन बंद पडून पुन्हा उठला, आणि त्याने पत्ता मागितला. स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं. मी वाट बघत होते नाव उमटायची. ते उमटेना. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता बघितला. पत्ता होता, पण आमचा नव्हता. आमच्या पत्त्यांची सुरुवातच वेगळी. हा दुसऱ्याच कुणीतरी दिलेला होता. म्हणजे वर कुठंतरी दुसरा वाटणारा उभा होता.

इतक्या दिवसांचं कोडं त्या क्षणी सुटलं, पण मला आनंद वगैरे काही झाला नाही. कारण आता तो फोन मुका होता, आणि मुक्या फोनाचं वाईट हे की वरून कुणी आकांताने लावत असेल तरी तो तसाच गप्प दिसतो. पाणी सुटलंय की नाही हे मला कळायला मार्गच नव्हता.

मी बाहेर येऊन ओरडले, "मामा, शिट्टी घाला! फोन गेलाय!"

भिवामामांनी शिट्टी हातात घेतली आणि थांबले. "फोन वाजल्याबिगर घालायची न्हाई, आसं अण्णांनी सांगितलंय बाय. पाव्हण्यांसमोर बोललेत मला."

"माझं नाव सांगा. घाला म्हणते ना!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शिट्टी घातली. पुन्हा घातली, पुन्हा घातली. काठाजवळच्या बाया कुरकुरत बाहेर यायला लागल्या. पण दोघीजणी पलीकडच्या खडकावर चढून फोटो काढत होत्या. त्यांनी हात हलवला. "इन्नू ऐदु निमिष!" अजून पाच मिनिटं. भिवामामा कानडीत ओरडले, त्या हसल्या.

मी आत धावले. फोनला पत्ता हातानेही घालता येतो. एरवी आम्ही ते करत नाही, कारण उद्या तोच पत्ता दुसऱ्याला मिळाला तर नवं भांडण. पण आता कोण उद्याचा विचार करतंय? लहानशी बटणं, घामाने ओले हात. एक आकडा चुकला, मागे आले, परत घातला. पासवर्ड मागितला. तो मीच ठेवलेला, आणि तोच मला आठवेना. डोळे मिटून उभी राहिले. बाहेर भिवामामांची शिट्टी चालूच होती. आठवला. घातला. चक्र फिरलं, नाव उमटलं, आणि माझा हात बटणावरून निघायच्या आत फोन वाजला.

शांताक्का ओरडत होत्या, "कवाधरनं लावतेय मी! उचला की गं! पानी सुटलंय, पानी!"

मी बाहेर येऊन काय ओरडले ते आठवत नाही. भिवामामांना कळलं एवढं खरं. त्यांनी एक ट्यूब ओढली आणि ते आडवे पोहत खडकाकडे गेले. नदी अजून तशीच दिसत होती. मग वळणापाशी पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा वर आला, आणि बांबूचा धक्का करकरला. खडकावरच्या दोघींना आता समजलं. एकीने लगेच ट्यूब धरली. दुसरी खाली बसली आणि खडकाला मिठी मारून रडायला लागली. भिवामामा तिच्याशी काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. इतर बायका काठावर ओरडत होत्या आणि मी हातातली पक्कड घट्ट धरून उभी होते, जशी काही ती पक्कड त्या कामाची.

शेवटी तिने खडक सोडला. भिवामामांनी दोघींना ट्यूबला धरून तिरकं तिरकं आणलं, बरंच खाली, वाकलेल्या झाडाच्याही पुढे. आम्ही काठाने धावत गेलो. त्यांना बाहेर ओढलं तेव्हा मागे वळून बघितलं तर तो खडक नव्हताच. सगळी नदी एकसारखी तांबूस वाहत होती.

भिवामामा दगडावर बसून दम घेत होते. मला म्हणाले, "फोन लागलाय न्हवं आता?"

मी वर गेले ते तणतणतच. अण्णा जिन्यात भेटले, काही विचारत होते, मी थांबले नाही. कपाट उघडून लॅपटॉप जोडला. पत्ते वाटणारा चोर कुठल्या वायरीतून बोलतोय हे त्यात दिसतं. दिसलं. वायरीवर माझ्याच हाताची चिठ्ठी होती, 'जुना काउंटर'. पूर्वी काउंटर ज्या भिंतीला होता तिथलं हे भोक. काउंटर हलवल्यावर ते मोकळंच राहिलं होतं. आता त्या भिंतीला ऑफिसचा देव्हारा होता.

देव्हाऱ्यात मूर्तींच्या शेजारी एक जुना, पिवळा पडलेला वायफायचा डबा होता. त्याला कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल, आणि अंगावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्याची वायर देव्हाऱ्याच्या मागून भिंतीतल्या भोकात गेली होती. मी हात पुढे केला तशा शांताक्का मागून आल्या.

"हात लावू नको गं, देवाचं हाय ते."

"अक्का, हा इथं कधीपासून?"

"खंडेनवमीपासनं. सगळी यंत्रं पुसून पुजायला काढली न्हवं, तवा कपाटात हा सापडला. लॉज सुरू झालं तवा पयलं बुकिंग ह्याच्यातनंच आलं होतं. पुजलेलं यंत्र परत अडगळीत टाकायचं व्हय? म्हनून देवाजवळ ठेवलं. सकाळी देवाचा बल्ब लावला की हे पन लागतंय, जेवायच्या आदी बल्ब घालवला की हे पन इझतंय."

"आणि वायर?"

"वायर न्हाई घातली तर एकच दिवा लागतोय, मेल्यागत वाटतंय. वायर घातली की बघ कसं लुकलुकतंय. जितं हाय आसं वाटतंय."

खंडेनवमीला मीही पक्कडीला कुंकू लावते, तिला त्या दिवशी हात लावत नाही. त्यामुळे शांताक्कांना मी हसले नाही, रागावलेही नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. हा डबा जिताजागता असला की तोही पत्ते वाटतो. लहान आहे, त्यामुळे मोठ्याच्या आधी बोलतो. सकाळी खालची वीज लुकलुकली की खालचा फोन पत्ता मागतो आणि हा त्याला भलत्याच रानात पाठवतो. दुपारी तुम्ही बल्ब घालवता, मग मी येते, फोन बंद-चालू करते, आणि सगळं बरं दिसतं.

त्यांना समजायला वेळ लागला. मग समजलं, ते चेहऱ्यावर दिसलं. "म्हंजे मी हितं बसून फोन लावत होते," त्या म्हणाल्या, "आनि माज्याच देव्हाऱ्यानं..." पदर तोंडाशी धरून बसल्या. मी वायर काढली. डबा तिथंच ठेवला, एका दिव्यानिशी. त्यांनी तो मग स्वतःच उचलला, फूल काढून मूर्तीच्या पायाशी ठेवलं, आणि डबा माझ्या हातात दिला. "घेऊन जा," म्हणाल्या. आणि उठून अण्णांच्या खोलीत गेल्या. मला काही सांगावं लागलं नाही. दार उघडंच होतं, "भिवाचं कायबी चुकलेलं न्हाई," एवढं मला बाहेर ऐकू आलं.

पाणी उतरल्यावर हत्यारं आणायला मी पुन्हा खाली गेले. दुपारची जेवणं होऊन काही पाहुणे काठाकाठाने पाय बुडवून बसले होते. भिवामामा कोरडे कपडे घालून खोपटाच्या दारात होते. मी त्यांना डब्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "शांताला लागलं आसंल मनाला," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला.

मी उचलायला हात पुढे केला, पण मामांनी मला अडवलं. आधी त्यांनी बाहेर येऊन शिट्टी घातली, लांबलचक. पाय बुडवून बसलेले सगळे उठून वर आले, एक म्हातारे गृहस्थ चप्पल शोधत होते त्यांचा हात धरून मामांनी त्यांनाही वर घेतलं. शेवटचा माणूस पाण्यापासून दूर झाल्यावरच ते आत गेले आणि रिसीव्हर उचलला. इतका वेळ फोन वाजतच होता.

पलीकडून अण्णांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण घाईघाईने, अडखळत चाललं होतं ते मला ऐकू येत होतं. माझं चुकलं, असं काहीतरी. मामांनी बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अण्णा, ह्या फोनावर पान्याबिगर दुसरं काय बोलायचं न्हाई. हितं मानसं उठवून वर आनलीत मी. सांगायचं आसंल तर खाली या."

रिसीव्हर ठेवून त्यांनी पाहुण्यांना हात केला, बसा, काही नाही.

अण्णांचे गुडघे दुखतात. काठापर्यंतची पायवाट उभी आहे, ते तिथं क्वचितच उतरतात. आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळाने झाडांमधून ते दिसले, काठी टेकत, मधेच थांबत. खाली पोचले तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. ज्या जागी उभे राहून ते ओरडले होते, त्याच जागी, पाहुण्यांच्या देखत उभे राहिले आणि म्हणाले, "भिवा, चूक माझी होती."

"व्हय," भिवामामा म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी अण्णांना बसायला जागा करून दिली.